डिस्चार्ज झाला, आता संध्याकाळचं काय?

मागच्या महिन्यात या पानावर व्यसनमुक्ती केंद्रात भरती करण्याबद्दल एका बाईंना उत्तर दिलं होतं, आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली अर्ध्याहून जास्त भरतीबद्दल नव्हतीच, घरी परत आल्यानंतरबद्दल होती. म्हणून यावेळी पूर्ण पान त्यालाच देऊन टाकलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, लांब पत्रं जरा छाटलीत. आणि आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही, मी एका दारुड्याची बहीण आहे आणि बरीच वर्षं अशा घरांसोबत उठते बसते. गोळ्या-औषधांचं डॉक्टरलाच विचारायचं, मला नाही.

प्रश्न: ताई, आम्ही मानेवाड्याकडे राहतो. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, वय ३९. दारूपायी दोन महिने केंद्रात होते, घरी येऊन तीन आठवडे झाले. एकदाही प्यायले नाहीत, खरं सांगते. पण संध्याकाळचे साडेसहा वाजले की त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, गॅलरीत जातात, आत येतात, टीव्ही लावतात, बंद करतात, मग पोरांवर ओरडतात. केंद्रातून निघताना मीटिंगला जात जा म्हणून सांगितलं होतं तर म्हणतात मी काय अजून पेशंट आहे का. सासूबाई म्हणतात, एवढे पैसे भरले, बरा झाला ना आता, कशाला पुन्हा त्या बेवड्यांमध्ये पाठवतेस. नागपुरात आधार मिळेल असं नक्की काय आहे? आणि मी संध्याकाळभर त्यांच्यावर लक्ष ठेवते ते बरोबर आहे ना?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथं माझंच चुकलं होतं.

माझा मोठा भाऊ २००९ मध्ये केंद्रातून घरी आला तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला, नातेवाईक जेवायला बोलावले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातली चार माणसं त्याच्यावर पहारा द्यायला लागलो. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की आई दार वाजवायची. मी बोलता बोलता त्याच्या जवळ जाऊन वास घ्यायचे, त्याला कळणार नाही अशा बेतानं, आणि त्याला दरवेळी कळायचं. नवव्या दिवशी तो पिऊन आला. नंतर म्हणाला, तुम्ही सगळे तसेही मी प्यायलोय अशाच नजरेनं बघत होते, मग म्हटलं घेऊनच टाकू.

दुसऱ्यांदा भरती होऊन आला तेव्हा फरक एकच होता. मीटिंगमधला एक माणूस, कॉटन मार्केटातून माल उचलून भाजीचा गाडा लावायचा, तो रोज पावणेसातला जुन्या स्कूटरवर आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि दोनदा हॉर्न द्यायचा. वर यायचा नाही, चहा नको, पाणी नको. भाऊ चपला घालून निघायचा आणि साडेआठ-पावणेनऊला तोच आणून सोडायचा. सलग तीन महिने, पाऊस असो की लग्नसराई. आम्ही चौघांनी डोळ्यात तेल घालून जे जमलं नाही ते त्या दोन हॉर्नांनी झालं. त्यामुळे पहारा सोडा ताई, ते काम तुमचं नाही, आणि तुम्ही त्यात झिजून जाल.

आता साडेसहाचं बघू. तुमच्या मिस्टरांनी समजा बारा-पंधरा वर्षं त्याच वेळेला पहिला पेग घेतला, तर शरीराला ती वेळ तोंडपाठ असते. केंद्रात ती वेळ भरलेली असते, प्रार्थना, ग्रुप, जेवण, झोप, सगळ्याची घंटा. घरी येऊन तीच वेळ रिकामी, आणि खाली चौकात दुकान उघडं. तलफ येते ती लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, तेवढा वेळ माणूस दुसऱ्या माणसाशी बोलत असला की निघून जाते. मीटिंगवाले चार गोष्टी सांभाळायला सांगतात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यातली भूक तुमच्या हातात आहे. सहा वाजता काहीतरी पोटात जाऊ द्या, उसळ, पोहे, उकडलेली अंडी, गुळाचा खडा, काहीही, रात्रीच्या जेवणाची वाट बघू नका. हे फार साधं वाटतं, पण उपाशी पोटी चिडलेल्या माणसाला समजावण्यात माझी जितकी वर्षं गेली त्यापेक्षा एका वाटी चण्यानं जास्त काम केलंय.

मीटिंग म्हणजे काय ते सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण त्यांना वाटतंय तिथं बेवडे जमतात. जमतात तर खरंच, पण न प्यायलेले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळे एए म्हणतात. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता, धंद्याचं काम फिसकटलेलं, पिणं सोडून काही महिने झालेले, आणि एका बाजूला बार. तो बारमध्ये न जाता फोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला, की या गावात बोलायला दुसरा कोणी दारुडा मिळेल का. मिळाला, एक सर्जन. दुसऱ्या दिवशी दोघं पंधरा मिनिटं म्हणून भेटले आणि कित्येक तास बोलत बसले. पुढच्या महिन्यात, १० जूनला, त्या सर्जननं शेवटचं घेतलं, आणि तीच तारीख एएची सुरुवात मानतात. म्हणजे मुळात ही कल्पना डॉक्टरची किंवा बाबा-महाराजांची नाही, संध्याकाळ कशी काढायची म्हणून घाबरलेल्या एका माणसाची आहे.

आत गेल्यावर दिसतं ते असं. शाळेतली किंवा चर्चमधली एखादी खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात चहाचा थर्मास. एकेक जण बोलतो, मी अमुक, मी बेवडा, आज माझा ११२ वा दिवस, आणि मग त्या आठवड्यात काय झालं ते. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, फक्त पहिलंच नाव, आडनाव विचारत नाहीत, कुठल्या हुद्द्यावर आहात ते तर नाहीच. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यात खोलीचं भाडं आणि चहा. अट एकच, पिणं सोडायची इच्छा. एक वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस करतात, पन्नाशीच्या माणसाचा पहिला वाढदिवस, केक कापताना रडतात सगळे, मी पण रडलेय.

मिस्टर म्हणतात ना मी पेशंट आहे का. तर सासूबाईंना शुगर-बीपी काही असेल तर विचारा, गोळी चालू आहे ना अजून, का एकदा नॉर्मल आली म्हणून बंद केली. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं सर्व्हे केला होता, अहवाल २०१९ मध्ये आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलीतरी मदत मिळते असं निघालं आणि भरती होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. तुमचा माणूस त्या एकात आहे. इतकं करून आता मीटिंगला जाण्यायेण्याचं भाडं वाचवण्यात काय अर्थ आहे?

शोधायचं कसं. पहिला फोन त्याच केंद्रात, त्यांच्याकडून सुटलेली मानेवाडा-नंदनवनकडची माणसं कोणत्या ग्रुपला जातात ते विचारा, फॉलोअपचा दिवसही विचारून घ्या. दुसरं, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मेयो हॉस्पिटल किंवा मिहानमधल्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत समाजसेवा अधीक्षक किंवा काउन्सेलर भेटतात का बघा, त्यांना ग्रुप माहीत असतात. तिसरं, १४४४६ हा सरकारचा नशामुक्तीचा टोल फ्री नंबर. मीटिंगा मराठीत, हिंदीत दोन्हीत चालतात. एकात मन नाही लागलं तर दुसरीत, तिसरीत जाऊन बघायचं, सहा वेळा बसल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. आणि तुम्ही स्वतः त्यांना ढकलू नका, केंद्रात जो सिनियर त्यांना आवडायचा त्याला फोन करायला सांगा. बायकोनं शंभरदा सांगितलेलं आणि दुसऱ्या बेवड्यानं एकदा सांगितलेलं, यात काय ऐकलं जातं ते तुम्हाला माहीत आहेच.

तुमच्यासाठी वेगळा ग्रुप असतो, अल-अनॉन, घरच्या माणसांचा. १९५१ मध्ये एएच्या त्या पहिल्या माणसाच्या बायकोनंच सुरू केला. तिथं नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत, तेव्हा त्या आशेनं जाऊ नका. तिथं मी पहिल्यांदा दोन तास भावाचं नाव न घेता काढले.

एक छोटं काम अजून. कंपनीची बस जिथं सोडते तिथंच समोर बार आहे का? बहुतेक असतोच. मग एक स्टॉप आधी उतरायचं, आणि तिथं मुलाला घ्यायला पाठवायचं. पगाराच्या दिवशी तर नक्कीच.

प्रश्न: भिंतीवर जाहिरात असते, पेशंटला न सांगता जेवणातून देऊन दारू सोडवा. माझी जाऊ म्हणते गुण येतो. केंद्रातून आलेल्या दिराला पुन्हा सुरू होऊ नये म्हणून देऊ का?

उत्तर: नका देऊ. अशा पुड्यांमध्ये काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. डॉक्टर एक गोळी देतात, डायसल्फिरम, ती घेणाऱ्यानं वरून दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तो धोका असतो. म्हणूनच ती माणसाला सांगून, त्याची सही-संमती घेऊन, तपासण्या करून देतात. न सांगता चहात टाकली आणि तो बाहेर जाऊन प्याला तर काय होईल? आणि समजा काहीच झालं नाही तरी ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं जेवणार नाही. दिराला वाटत असेल तर त्यानं स्वतः डॉक्टरला विचारावं, गोळ्या वाईट नाहीत, चोरी वाईट.

प्रश्न: ताई, आम्ही हिंगण्याचे. लहाना भाऊ केंद्रातून येते आता पुढच्या हप्त्यात. आमचा मामा आर्वीले राहते, वर्धा जिल्ह्यात. तिथं दारूबंदी हाय, तर त्याले सहा महिने मामाच्या वावरात ठेवावं असं बाबाचं म्हणणं हाय. नागपुरात तर पाय ठेवला का बार. पाठवू का?

उत्तर: दादा, मला हसू आलं, राग मानू नका. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपूरला २०१५ मध्ये लावली आणि २०२१ मध्ये उठवली. आर्वीच्या मामाला फोन करून एवढंच विचारा, की मामा, रात्री नऊ वाजता लागली तर किती मिनिटांत मिळते. मामा खरं बोलणारा असेल तर आकडा सांगेल. बंदीमुळे दुकानाची पाटी दिसत नाही, येता-जाता आठवण होत नाही, हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण जी मिळते ती एकतर मोहाची किंवा चोरट्या मार्गानं आलेली, दुप्पट भावाची, त्यात काय मिसळलंय देव जाणे.

तरी पाठवू नका असं मी म्हणणार नाही, कारण मामाच्या गावात दुसरं काही असू शकतं जे हिंगण्यात तुम्हाला सापडणार नाही. गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे का विचारा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्याकडच्या कितीतरी गावांत अजून दिवेलागणीला होते, आणि वेळ बघा, बरोब्बर तीच, जेव्हा वावरातून परत आलेल्या माणसाला काही सुचत नाही. म्हातारी माणसं, चार तरणी पोरं, एक खंजिरी. तुमचा भाऊ देवभोळा असो नसो, रोज एका जागी ठरल्या वेळेला दहा माणसं त्याची वाट बघतात आणि नाही आला तर घरी विचारायला येतात, हे त्याला मिळालं पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून मुक्तिपथ चालू आहे, तिथंही बंदीचा कायदा आधीपासून होताच, तरी गावोगाव माणसांच्या संघटना बांधाव्या लागल्या आणि तालुक्याला उपचाराची सोय करावी लागली.

तेव्हा मामाला दोन प्रश्न विचारायचे. संध्याकाळी भाऊ कोणासोबत बसेल? आणि आर्वीहून त्याला डॉक्टरकडे, फॉलोअपला कोण घेऊन येईल? दोन्हीला नाव मिळालं, माणसाचं नाव, तर पाठवा. मामा म्हणाला का वावरात राहील एकटा मस्त शांत, तर नका पाठवू, एकटं शांत वावर म्हणजे पिणाऱ्याला बारपेक्षा सोयीचं. आणि सहा महिन्यांनी परत हिंगण्यालाच यायचंय ना, मग इथला ग्रुप आत्ताच बघून ठेवा, दर पंधरा दिवसांनी येऊन एक मीटिंग तरी करू द्या.

प्रश्न: मी २६ वर्षांचा आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन घ्यायचो, त्याआधी गांजा, दारू सगळंच. पाच महिने क्लीन आहे. प्रॉब्लेम असा की माझे सगळे मित्र त्यातलेच होते, आता फोनमध्ये बोलायला कोणीच नाही. एकदा मीटिंगला गेलो तर सगळे काका लोक, कोणी गिट्टीखदान, कोणी सदर, दारूच्या गोष्टी सांगून राहिले, मला काही रिलेट नाही झालं. रात्री फुटाळा तलावावर एकटाच बसतो. मजाच येत नाही कशात. असंच राहणार का?

उत्तर: भाऊ, पाच महिने म्हणजे १५० संध्याकाळी, ते आधी मोज.

मजा येत नाही हे तुझ्या स्वभावाचं नाही, एमडीसारखा माल सोडल्यावर बरेच आठवडे, कधी महिने मन असं पडेल राहतं, जेवण बेचव, गाणं बेचव. हळूहळू येतं परत. पण झोपच नाही, जगून काय करू असं मनात यायला लागलं तर वाट बघायची नाही, मानसोपचार डॉक्टर, किंवा रात्री-बेरात्री टेलीमानसचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काकांचं म्हणशील तर तू बहुतेक एएला गेला होतास. नार्कोटिक्स अनॉनिमस वेगळं, एनए, १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं, तिथं तू काय घ्यायचास हे महत्त्वाचं नसतं, व्यसन हाच विषय, आणि पोरं तुझ्या वयाची जास्त दिसतात. नागपुरातल्या मीटिंगची चौकशी तुझ्या केंद्रात कर. तरी काकांना एकदम काढून टाकू नको. त्यांच्या दारूच्या गोष्टीतला ब्रँड काढून टाक आणि बाकीचं ऐक, खोटं बोलणं, उधारी, आईच्या पर्समधले पैसे. ते तुझंच निघेल. आणि मीटिंगपेक्षा जास्त काम मीटिंगनंतरच्या टपरीवर होतं हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मीटिंग संपली की लगेच गाडीला किक मारायची नाही, कोपऱ्यावर चहाला थांबायचं. काही ग्रुपमधली पोरं रविवारी सकाळी तर्री पोहे खायला जातात, नवीन माणसाला कोणीतरी विचारतंच चलतो का. पहिल्या वेळेला हो म्हण, तर्री तिखट असली तरी.

स्पॉन्सर घे. म्हणजे तुझ्याहून जास्त वर्षं क्लीन असलेला एक माणूस ज्याला तू रात्री अकराला फोन करू शकतोस. मुलानं मुलगाच घ्यायचा, मुलीनं मुलगी. परफेक्ट शोधू नको, उचलणारा शोध.

आता खर्रा. पत्रात लिहिलं नाहीस पण नागपूरचा पोट्टा आहेस, विचारून ठेवते. एमडी सोडली, दारू सोडली, खर्रा चालू आहे, तंबाखूच तर आहे, असं सगळे म्हणतात. तोंडाचं काय होतं ते वेगळंच, मी दुसरं सांगते. खर्रा काही काउंटरवर तयार नसतो, पानठेल्यावर ऑर्डर देऊन तो पन्नीत घोटेपर्यंत पाच मिनिटं उभं राहावं लागतं, आणि त्याच पाच मिनिटांत जुना ग्रुप गाडी बाजूला लावून म्हणतो, अबे दिसून नाही राहिला आजकाल. माझ्या माहितीतली तीन पोरं बारमध्ये नाही, पानठेल्यावर घसरली.

नंबर बदल, जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोड, ज्याच्याकडून घ्यायचास त्याचा नंबर आणि यूपीआय उडव, ठेवून बघत बसू नको की आता मला फरक पडतो का. फुटाळ्याला जायचंच तर पहाटे जा, तिथं आणि अंबाझरीला धावणाऱ्यांची गर्दी वेगळी असते, रात्रीची वेगळी, तुला माहीत आहे मी काय म्हणते ते. आणि यातलं कोणी ब्राऊन शुगरवालं वाचत असेल तर एक गोष्ट, काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सवय जाते, आणि मग पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबून माणूस जातो. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे यासाठी फार वाईट असतात.

प्रश्न: मी रिटायर्ड शिक्षक, नागपूरच्या महाल भागात राहतो. मुलगा आठ महिने कोरडा होता, मीटिंगलाही जायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला म्हणून बाहेर पडला आणि पिऊन आला, त्यानंतर चार दिवस चालूच आहे. सगळं पाण्यात गेलं का? केंद्रवाले म्हणतात परत आणून टाका, गाडी पाठवतो. तो म्हणतो मरेन पण तिथं जाणार नाही, तिथं बांधून ठेवतात, मारतात. खरं मानू की बहाणा?

उत्तर: गुरुजी, आधी आजचं. चार दिवस सलग पिऊन तो एकदम बंद करेल तर घरी बसवून बंद करू नका. हात थरथरणं, घाम, मग फिट येणं हे पहिल्या दोन दिवसांत होऊ शकतं, आणि दोन-चार दिवसांत भ्रम, नसलेली माणसं दिसणं. हे जीवावर बेततं. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत न्या, किती आणि कधीपासून ते खरं सांगा, लाज नको.

मारहाणीचं. बहाणाही असू शकतो, पण आधी खरंच धरून चाला, मी तसंच करते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्याप्रमाणे व्यसनाचे उपचार करणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते, कोणालाही साखळीनं बांधणं मना आहे, पेशंटला घरच्यांशी फोनवर बोलायचा हक्क आहे आणि रिव्ह्यू बोर्डाकडे तक्रार करता येते. तर केंद्राला तीन गोष्टी विचारा. नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवता का, डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, आणि मला न सांगता येऊन भेटू देता का. जे केंद्र मध्यरात्री गाडी पाठवून चौघांकरवी माणूस उचलून नेतं आणि महिनाभर भेटू देत नाही, तिथं पैसे भरून पोराला पाठवायचं कारण नाही. दुसरं बघा, सरकारी विचारा, कोराडी रोडकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आहे. सेंटर नाही म्हणजे उपचार नाही असं नसतं, बऱ्याच जणांना ओपीडी आणि रोजची मीटिंग पुरते.

पाण्यात गेलं का. अमेरिकेतली ड्रग अब्यूजवरची सरकारी संस्था सांगते की उपचारानंतर १०० पैकी ४० ते ६० जण पुन्हा एकदा तरी घेतात, आणि बीपी-दम्याच्या पेशंटचं औषध सोडून पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण याच्याहून कमी नाही. आठ महिने त्याला जमलं होतं, कसं जमलं होतं ते त्यालाच विचारा, काय चुकलं ते नंतर. मीटिंगमध्ये याला स्लिप म्हणतात आणि स्लिप होऊन परत आलेल्याला कोणी हाकलत नाही, उलट त्या दिवशी त्याला पहिला चहा देतात. अडचण वेगळी असते, त्यालाच तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून त्याच्या ग्रुपमधल्या माणसाचा नंबर तुमच्याकडे असेल तर तुम्ही फोन करा. मुलाची तक्रार करायची नाही, एवढंच म्हणायचं की तो घरी आहे, भेटायला याल का. येतात. मी आजवर नाही म्हणालेला बघितला नाही.

आणि पोळ्याची कर, आपल्याकडे तो दिवस कसा जातो ते तुम्हाला शिक्षकाला काय सांगायचं. मटण, बाटली, आणि ज्यानं वर्षभर घेतली नाही त्यालाही आग्रह, आजच्या दिवस घे रे. काही ग्रुप होळीला आणि ३१ डिसेंबरला मुद्दाम जास्तीची मीटिंग ठेवतात, दुपारपासून रात्रीपर्यंत, येऊन बसा, उठा, पुन्हा बसा. मुलाच्या ग्रुपला विचारा पोळ्याच्या करीला ठेवतात का. नसतील ठेवत तर पुढच्या वर्षीसाठी महालातच एखाद्या शाळेची खोली बघा, तुमची ओळख असेलच, मारबतीची मिरवणूक संपते तेव्हापासून रात्री दहापर्यंत. खर्च खोलीचा आणि चहाचा.